शांत घोडा अचानक बिथरायला लागला तर

रोज निमूट खोगीर चढवून घेणारी घोडी तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना चावायला धावते. वरातीत सरळ चालणारा घोडा मागच्या दोन पायांवर उभा राहतो. अशा वेळी 'माजलाय' म्हणून चाबूक उचलणं ही सगळ्यात मोठी चूक. घोड्याचा स्वभाव आठवड्याभरात पालटत नाही. पालटलेलं असतं ते त्याच्या अंगात, चंदीत (धान्याच्या खुराकात), सामानात किंवा आजूबाजूला. म्हणून त्या दिवसापासून वर बसणं बंद ठेवा आणि कारण शोधा.

त्याआधी एका धोक्याची खात्री करून घ्या. ठाणे, नवी मुंबईत तबेल्याभोवती भटकी कुत्री फिरतात, त्यामुळे रेबीज विसरून चालणार नाही. घोडा स्वतःलाच चावत असेल, लाळ गळत असेल, पाणी गिळता येत नसेल, मागचे पाय लटपटत असतील तर 'घशात काही अडकलंय' असं समजून तोंडात हात घालू नका. त्याला वेगळं ठेवा आणि जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा. लाळ तुमच्या जखमेवर किंवा डोळ्यात, तोंडात गेली असेल तर साबण लावून वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा (डोळे, तोंड नुसत्या पाण्याने) आणि त्याच दिवशी लशीसाठी रुग्णालयात जा. अंग ताठलंय, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातला पडदा वर येतोय, साध्या टाळीनेही घोडा दचकतोय, तर तो धनुर्वात असू शकतो. तिथेही तासाचा उशीर नको.

आता घोडा आरामात उभा असताना मोजमाप घ्या. अंगाचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियस, नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६ असायला हवा. थर्मामीटर गुदद्वारात लावायचा असतो, म्हणून त्याला दोरा बांधा आणि मागे नव्हे, बाजूला उभे राहा. घोडा पुन्हा पुन्हा कुशीकडे बघत असेल, जमीन उकरत असेल, लीद टाकत नसेल, तर पोटशूळ समजून डॉक्टर येईपर्यंत दाणा-वैरण काढून घ्या.

सगळ्यात जास्त वेळ पाठीला द्या, कारण अनेकदा दुखणं तिथेच सापडतं. खांद्यांमधल्या उंचवट्यापासून कमरेपर्यंत, कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटांच्या पेरांनी सारखा दाब देत जा. एका जागी पाठ खचली, कातडी थरथरली किंवा कान मागे गेले तर तिथे दुखतंय. कामानंतर खोगीर काढून घामाचा ठसा पाहा. ओल्या ठशात मध्येच कोरडा डाग दिसला तर तिथे खोगीर रुततंय. पांढरे केस हा जुन्या रुतण्याचा पुरावा. स्वार बसलेला असताना उंचवटा आणि खोगीर यांत दोन-तीन बोटं जायला हवीत. नक्षीची झूल आणि गाद्यांचे थर वाढवून ही फट भरून येत नाही, उलट दाब वाढतो.

वजनाचा हिशोबही करून टाका. टेपने छातीचा घेर (पुढच्या पायांच्या लगेच मागून) आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी सेंटीमीटरमध्ये घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११९००, म्हणजे अंदाजे किलो. घेर १६० आणि लांबी १४० असेल तर घोडी ३०१ किलोची. पाठीवर सामानासकट तिच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त ओझं नको, म्हणजे ६० किलो. ७५ किलोचा नवरदेव आणि पुढ्यात एक लहान मूल म्हटल्यावर घोडी अडणारच.

नाल मारल्यावर दोन-तीन दिवसांत लंगड किंवा चिडचिड सुरू झाली तर खिळा जिव्हाळी लागला असण्याची शक्यता असते. चारही खुरांना हात लावून पाहा. एकच खूर गरम लागत असेल तर नालबंद आणि डॉक्टर दोघांनाही दाखवा, स्वतः कोरत बसू नका. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर खुराच्या तळातला मऊ त्रिकोणी भाग सडतो आणि काळी, कुजक्या वासाची घाण येते. खूर रोज साफ करा आणि जागा कोरडी ठेवा.

मान झटकणारा, चघळलेल्या वैरणीचे गोळे टाकणारा घोडा दातांसाठी दाखवा. लगामाचा तोंडात जाणारा लोखंडी भाग हातात घेऊन त्यावर बोट फिरवा. काटे किंवा टोकं असलेला लगाम प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्धच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांनुसार बेकायदा आहे आणि घोडा मागच्या पायांवर उभा राहण्याचं कारण कित्येकदा तोच असतो.

काम कमी झालं तरी चंदी तेवढीच चालू असेल तर ती कमी करा, वैरण नको. पोट पाच-सहा तासांहून जास्त रिकामं राहू देऊ नका. चंदी बदलायची तर ७ ते १० दिवसांत हळूहळू.

दुखणं नाही याची खात्री झाली की मग आवाज पाहा. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरच्या मेट्रोच्या कामाची धडधड, डीजे, कोल्ड फायर (वरातीत उडवले जाणारे ठिणग्यांचे फवारे) यांपैकी नवीन काय आलं? तोबरा (तोंडाला बांधायची चंदीची पिशवी) लावून मोबाइलवर बँडचा आवाज अगदी बारीक सुरू करा, रोज १० मिनिटं. चघळणं थांबलं की आवाज जास्त झाला असं समजून कमी करा. आरामात चघळू लागला तरच दुसऱ्या दिवशी थोडा वाढवा.

सोबत हातात धरून चालवणं, १५ मिनिटांच्या आत. खांद्याजवळ उभे राहा आणि दोर हाताला गुंडाळू नका. ओढल्यावर एक पाऊल पुढे आलं की त्याच क्षणी दोर सैल सोडा, कारण घोडा ढील मिळण्यातून शिकतो. पहिली वरात छोटी, सोबत एक शांत घोडा, बँड दूर आणि पाठीवर कुणीही नाही. तेवढं नीट पार पडलं की पुढच्या वेळी खोगीर.