जत्रांचं सामायिक फीड ठरवताना

कार्तिक लागला की कुडाळ-वेंगुर्ल्याकडे देवस्थानांच्या आणि दशावतारी कंपन्यांच्या तारखा सुटतात. कुणाची पीडीएफ, कुणाचा व्हॉट्सॲपवर फिरणारा फोटो, थोड्यांची वेबसाइट. यातल्या काही साइट मी सांभाळतो, म्हणून ‘सगळ्या तारखा एकत्र दिसतील काय?’ हा प्रश्न माझ्याकडेच येतो. सगळ्यांनी मिळून एक फीड, म्हणजे प्रोग्रॅमना आपोआप वाचता येईल अशी नोंदींची फाइल, ठरवलं तर दिसतील, पण लगेच कोड लिहायला बसू नका.

आधी सगळ्यांना एकत्र बसवून कागदावर अर्थ ठरवा. ‘शनिवारी रात्री नाटक’ म्हणजे पालखी फिरून आल्यावर, बारा वाजून गेल्यावर. गावाच्या लेखी तो शनिवारच, कॉम्प्युटरच्या लेखी रविवार उजाडला. एका कंपनीने शनिवार भरला, दुसरीने रविवार, तर कुणीतरी सावंतवाडीहून गाडी करून रिकाम्या देवळात पोचणार. माझं मत असं: फीडमध्ये घड्याळाची खरी वेळ, आरएफसी ३३३९ या इंटरनेटवर तारीख-वेळ लिहिण्याच्या मानकाच्या पद्धतीने, शेवटी भारतीय वेळेचं +०५:३० लावून, आणि शीर्षकात माणसांसाठी ‘शनिवारची रात्र’. नुसतं ‘रात्री १२’ कुणी पाठवलं तर फोन करून विचारा.

मग फॉरमॅट. नवा काढायची हौस असेल तर आधी आरएसएस या जुन्या फीड-फॉरमॅटचा इतिहास वाचा. १९९९ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीने त्याची ०.९० ही आवृत्ती काढली. डिसेंबर २००० मध्ये आरडीएफवर (माहिती मांडायच्या एका वेगळ्या पद्धतीवर) बेतलेलं १.० आलं. २००२ चं २.० मात्र या १.० चं पुढचं पाऊल नव्हेच, ते त्याआधीच्या ०.९१ च्या घराण्यातलं. त्यातही डिस्क्रिप्शनमधला (नोंदीच्या वर्णनातला) मजकूर साधा की एचटीएमएल, हे वाचणाऱ्या प्रोग्रॅमने ताडायचं! या गोंधळातून २००३ मध्ये सॅम रूबी या प्रोग्रॅमरच्या विकीवर चर्चा सुरू झाली, पुढे काम इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफकडे गेलं आणि डिसेंबर २००५ मध्ये आरएफसी ४२८७, म्हणजे ॲटम, प्रसिद्ध झालं. मजकूर कुठल्या प्रकारचा हे त्यात सांगता येतं. तेच घ्या.

ॲटममध्ये प्रत्येक नोंदीला आयडी, टायटल आणि अपडेटेड लागतंच. लेखकाचं नाव एकदा फीडच्या पातळीवर दिलंत की पुरे. अपडेटेड म्हणजे नोंद कधी बदलली ती वेळ; नाटकाची वेळ तिथे कोंबू नका. नाटकाची सुरुवात, गाव आणि कंपनी यांसाठी स्वतःच्या नेमस्पेसमध्ये (दुसऱ्यांच्या नावांशी गल्लत होऊ नये म्हणून ठेवलेल्या वेगळ्या नावांच्या गटात) तीन घटक करा. ज्या रीडरला, म्हणजे फीड वाचणाऱ्या प्रोग्रॅमला, ते कळणार नाहीत तो ते सोडून पुढे जाईल, ॲटमचा नियमच तसा आहे. आयडी एकदा दिला की कायम. साइटचा पत्ता बदलला, शीर्षक सुधारलं, तरी त्याला हात लावायचा नाही.

एवढं दोन-तीन पानांत लिहा, बरोबर आणि मुद्दाम चुकीच्या अशा नमुना फाइल जोडा, आणि एकमेकांशी न बोलणाऱ्या दोघांना त्यावरून रीडर लिहायला सांगा. दोघांचे निकाल जुळले नाहीत तर दस्तऐवज दुरुस्त करा, त्यांचा कोड नव्हे. जुळल्यावरच त्या दस्तऐवजाला आवृत्ती १.० म्हणा.

सुतक आलं, अवकाळी पाऊस पडला, नाटक रद्द झालं, तर नोंद फीडमधून काढून टाकू नका. जुन्या नोंदी फीडमधून अशाही गळतात, त्यामुळे ‘दिसत नाही’ याचा अर्थ ‘रद्द’ असा कुणी घेणार नाही. तोच आयडी ठेवून शीर्षकात ‘रद्द’ लिहा आणि अपडेटेड बदला.