डॉ. लागूंची कारकीर्द नवोदितांनी कशी वाचावी

अभिनयाच्या क्षेत्रात येऊ पाहणारी मुलेमुली भेटतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा अभिनयाविषयी नसतो. नोकरी केव्हा सोडावी, हा असतो. मालिका आणि चित्रपटांत दुय्यम भूमिका करण्यात माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी तयार असेल, अशी त्यांची समजूत असते. मी त्यांना डॉ. श्रीराम लागू यांच्या आयुष्यातील सनावळी एका कागदावर उतरवायला सांगतो. एखाद्या ज्येष्ठ नटाच्या मुलाखती ऐकून प्रेरणा मिळते, हे खरे. पण त्याच्या कारकिर्दीतील वर्षे क्रमाने मांडली, की हा व्यवसाय प्रत्यक्षात कसा चालतो ते अधिक स्पष्ट दिसते.

डॉ. लागू यांचा जन्म 1927 सालचा, साताऱ्याचा. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले, कान-नाक-घसा या शाखेत त्यांनी प्रावीण्य मिळवले, पुण्यात व्यवसाय केला आणि पुढे काही काळ आफ्रिकेत टबोरा येथेही काम केले. ‘इथे ओशाळला मृत्यू’ या वसंत कानेटकरांच्या नाटकाद्वारे ते पूर्णवेळ नट झाले ते 1969 साली, म्हणजे वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. हा आकडा पाहून अनेकांना ‘उशिरा का होईना, यश मिळते’ असा दिलासा वाटतो, आणि नेमके तेच वाचन मला चुकीचे वाटते. 1969 पूर्वीची जवळपास वीस वर्षे रिकामी नव्हती. भालबा केळकरांच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये दिवसाचा व्यवसाय सांभाळून संध्याकाळी तालमी करणे, मोजक्या प्रयोगांसाठी महिनोन्‌महिने संहितेशी झटणे, दिग्दर्शनही करून पाहणे, हे सारे त्या वर्षांत घडत होते. व्यावसायिक रंगभूमीवर पाऊल ठेवले तेव्हा ते नवखे नव्हते. बदलले होते ते उपजीविकेचे साधन.

अर्थात, या उदाहरणाची मर्यादाही सांगायला हवी. वैद्यकीय पदवी हाती असणाऱ्या माणसाला परतीची वाट खुली असते, आणि ती सगळ्यांना नसते. म्हणून मी त्याच कागदावर आणखी दोन नावे लिहायला सांगतो. निळू फुले पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत होते आणि त्याच काळात राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडत होते. 1968 साली ‘एक गाव बारा भानगडी’ने त्यांना पडद्यावर आणले. अशोक सराफ स्टेट बँकेत नोकरी करता करता नाटके करत होते, आणि 1975 च्या ‘पांडू हवालदार’नंतर ते घरोघरी पोहोचले. डॉक्टर, माळी आणि बँक कर्मचारी या तिघांच्या सांपत्तिक स्थितीत काहीही साम्य नाही. साम्य आहे ते एवढेच, की काम मिळण्याआधीही ते नियमितपणे काम करत होते. तेव्हा ‘नोकरी केव्हा सोडू?’ असे विचारणाऱ्याला मी उलट विचारतो, की नोकरीनंतरच्या संध्याकाळी तुम्ही सध्या काय करता? या प्रश्नावर बहुतेकदा शांतता पसरते.

आता रंगमंचाकडून कॅमेऱ्याकडे जाण्याचा मुद्दा, जो नवोदितांना सर्वांत अवघड जातो. डॉ. लागूंचे ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आले 1970 मध्ये आणि व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ प्रदर्शित झाला 1972 मध्ये. एकीकडे शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकापर्यंत स्वगत पोहोचवायचे होते, तर दुसरीकडे चेहऱ्यासमोर भिंग होते. ‘पिंजरा’तला शिक्षक आदर्शवादी गुरुजी म्हणून सुरू होतो, तमाशातील नर्तकीच्या मोहात ओढला जातो, फडाच्या मागे फिरू लागतो आणि अखेरीस स्वतःच्याच खुनाचा आरोपी म्हणून उभा राहतो. नाटकात अशी घसरण प्रत्येक प्रयोगात पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत क्रमाने जगता येते. चित्रीकरणात हा क्रम क्वचितच मिळतो. ज्या ठिकाणची परवानगी आणि ज्या नटांच्या तारखा उपलब्ध असतील, त्यानुसार प्रवेश घेतले जातात, आणि शेवटचा प्रवेश पहिल्याच दिवशी उरकण्याची वेळ येऊ शकते. म्हणून संहिता हाती येताच प्रत्येक प्रवेशासमोर, त्या क्षणी आपल्या पात्राला काय ठाऊक आहे आणि ते कितपत थकलेले आहे, एवढे दोनच शब्दांत लिहून ठेवावे, असे मी सांगतो. मालिकेत तर रोजचे प्रवेश अनेकदा सेटवर पोहोचल्यावरच हाती पडतात, तेव्हा ही टिपणवहीच उपयोगी पडते.

अभ्यासासाठी मी सर्वाधिक वेळा पाहिलेला चित्रपट म्हणजे जब्बार पटेल दिग्दर्शित ‘सामना’. विजय तेंडुलकरांचे लेखन असलेला हा चित्रपट 1975 साली बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला. त्यात डॉ. लागूंचे मद्यपी मास्तर आणि निळू फुले यांचे साखरसम्राट हिंदुराव समोरासमोर येतात. हे प्रवेश एकदा आवाज पूर्ण बंद करून पाहावेत आणि एकदा पडद्याकडे पाठ करून नुसते ऐकावेत. आवाज बंद केला, की फुले किती कमी हलतात ते कळते. सत्ता ज्याच्या हाती आहे त्याला घाई करावी लागत नाही, हे त्यांच्या बसण्यातून दिसते. लागूंचे शरीर याउलट सतत अस्थिर असते, पण नजर अचानक रोखली जाते. नुसते ऐकताना वेगळीच गोष्ट ध्यानात येते: मारुती कांबळेचे काय झाले, हा एकच प्रश्न मास्तर पुन्हा पुन्हा विचारतात आणि प्रत्येक वेळी त्यामागचा हेतू निराळा असतो. ऑडिशनला आलेली मुले एकच वाक्य पाच प्रकारे म्हणून दाखवतात तेव्हा बहुधा आवाजाची पट्टी बदलतात. समोरच्याकडून काय हवे आहे ते मात्र बदलत नाही, आणि त्यामुळे पाचही प्रकार सारखेच वाटतात.

हिंदीतील त्यांच्या कारकिर्दीकडे मी अधिक व्यावहारिक दृष्टीने पाहतो. ‘घरौंदा’मधील वयस्क, आजारी मालकाच्या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअरचा सहायक अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला आणि 1982 च्या ‘गांधी’त त्यांनी गोपाळ कृष्ण गोखले उभे केले. मात्र त्यांच्या वाट्याला आलेल्या असंख्य हिंदी भूमिका वडील, न्यायाधीश, डॉक्टर अशा ठरावीक साच्यांतल्या होत्या, आणि त्यांच्या कुवतीचा त्यात पुरेसा उपयोग झाला, असे मला वाटत नाही. तरीही त्यांनी ती कामे केली आणि रंगभूमीही चालू ठेवली. ‘मी फक्त दर्जेदार कामच करणार’ असे पहिल्याच वर्षी जाहीर करणाऱ्या मुलांनी या जोडव्यवस्थेकडे नीट पाहावे.

पैशाचा विषय निघालाच आहे, तर थोडे स्पष्ट बोलतो. मालिकांचे मानधन काम केल्यानंतर साधारण 90 दिवसांनी हाती येण्याची पद्धत रूढ आहे, त्यामुळे पहिले काम मिळाले तरी पुढचे तीन महिने घरभाडे स्वतःच्या शिलकीतून भरण्याची तयारी ठेवावी लागते. माझे एका निर्मात्याकडचे मानधन याहूनही बराच काळ अडकले होते, आणि लेखी करार असल्यामुळेच ते अखेर मिळाले. ऑडिशनसाठी, नोंदणीसाठी किंवा ‘भूमिका नक्की’ करण्यासाठी कोणी पैसे मागितले, तर तेथून सरळ उठून यावे. खरी निवड करणारा माणूस नटाकडून पैसे घेत नाही.

उतारवयाचा भाग मला स्वतःला सर्वांत मोलाचा वाटतो. 1999 साली, सत्तरी उलटल्यावर, डॉ. लागूंनी ‘सूर्य पाहिलेला माणूस’ या नाटकात सॉक्रेटिस साकारला. विचारांनी भरलेली दीर्घ भाषणे त्या वयात तोंडपाठ करून प्रेक्षकांसमोर उभे राहण्यासाठी स्मरणशक्ती आणि श्वास दोन्ही वर्षानुवर्षे राखावे लागतात. ते भूमिका मिळाल्यावर महिनाभरात कमावता येत नाहीत. त्यांचे ‘लमाण’ हे आत्मकथन वाचताना भूमिकेच्या तयारीविषयीची पाने सावकाश वाचावीत, कारण आठवणी आणि किस्से आपोआप लक्षात राहतात, पण कष्टाचा तपशील नजरेतून निसटतो. मी काम नसलेल्या दिवशीही सकाळी एखादे पान पाठ करतो, मोठ्याने म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक न उघडता पुन्हा म्हणून पाहतो. कधी ते पान कवितेचे असते, कधी वर्तमानपत्रातल्या अग्रलेखाचे. अग्रलेख पाठ करणे फार कंटाळवाणे असते, आणि मालिकेतील बरेचसे संवादही तसेच असतात, म्हणून त्याचा सराव अधिक कामी येतो.