घरच्या बागेतील अतितिखट मिरची

भूत जोलोकिया किंवा हबानेरोसारख्या अतितिखट मिरचीचे बी रुजायला साध्या मिरचीपेक्षा जास्त वेळ, कधी कधी ३ ते ४ आठवडेही लागतात. म्हणून माती २५ ते ३० अंश सेल्सिअस उबदार आणि केवळ ओलसर ठेवावी, आणि कोंब दिसत नाही म्हणून बी उकरून पाहण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. रोप सशक्त झाल्यावर ते चांगला निचरा होणाऱ्या मोठ्या कुंडीत लावावे. नत्रयुक्त खताचा मारा केल्यास झाड हिरवेगार दिसते, पण फुले कमी धरतात. कडक उन्हात फुलगळ होऊ लागल्यास दुपारपुरती सावली करावी. खरा तिखटपणा बियांत नसून त्या ज्या पांढुरक्या शिरांना चिकटलेल्या असतात त्यांत असतो. पिकलेली मिरची उभी चिरल्यावर तिथे पिवळसर तेलकट थेंब चमकताना दिसतात, म्हणून हातमोजे घालूनच चिरावे.