एसक्यूएल शिकताय? मग आधी टेबलं समजून घ्या

बरेच जण डेटाबेस शिकायचा म्हणून डायरेक्ट क्वेऱ्या (एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत विचारलेले प्रश्न) पाठ करायला घेतात आणि टेबलं एकमेकांना जोडणारा जॉइन आला की गाडी अडते. खरं तर डेटा वेगवेगळ्या टेबलांत का तोडतात हे एकदा डोक्यात बसलं ना, की जॉइन अवघड राहतच नाही.

समजा लायब्ररीचा डेटा आहे. एकाच शीटमध्ये सभासदाचं नाव, फोन, पुस्तक, तारीख सगळं कोंबलं तर एकाने चाळीस पुस्तकं नेली की त्याचा फोन चाळीसदा लिहा, आणि उद्या नंबर बदलला की कुठल्यातरी ओळीत जुना राहणारच. म्हणून तीन टेबलं करायची, सभासद, पुस्तकं आणि देवघेव. सभासदच्या प्रत्येक ओळीला एक आयडी जो दुसऱ्या कुणाला मिळत नाही, ती प्रायमरी की. देवघेवमध्ये नावबिव काही नाही, फक्त सभासदाचा आणि पुस्तकाचा आयडी, शिवाय नेल्याची आणि परतीची तारीख; दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवणारे ते दोन आयडी म्हणजे फॉरेन की. टेबलांची ही कल्पना आयबीएमच्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली, एसक्यूएल तिथेच नंतर आली.

सरावाला एसक्यूलाइट घ्या, सर्व्हरची भानगड नाही, अख्खा डेटाबेस एका फाइलीत. फक्त त्यात फॉरेन कीची तपासणी (तो आयडी दुसऱ्या टेबलात खरंच आहे का, ही) सहसा बंद असते, ती चालू करावी लागते.

आता क्वेरी (टाइप अर्थातच इंग्रजीत करायची). पुस्तक परत न केलेले, म्हणजे ज्यांची परत_तारीख अजून भरलेली नाही असे सभासद हवेत:

सिलेक्ट सभासद.नाव, देवघेव.नेल्याची_तारीख
फ्रॉम सभासद
जॉइन देवघेव ऑन देवघेव.सभासद_आयडी = सभासद.आयडी
व्हेअर देवघेव.परत_तारीख इज नल;

ही वाचताना सिलेक्टपासून नाही, फ्रॉमपासून सुरू करा: कुठली टेबलं, ती कशावर जुळवली, व्हेअरने कुठल्या ओळी ठेवल्या, आणि शेवटी सिलेक्टने कुठले कॉलम दाखवले. आणि ते 'इज नल' नीट बघा. नल म्हणजे शून्य नाही की रिकामी स्ट्रिंग (मजकूर) ही नाही, किंमत माहीतच नाही असा त्याचा अर्थ, त्यामुळे '= नल' लिहिलंत तर एररही येत नाही आणि एकही ओळ मिळत नाही, बसा डोकं खाजवत.

साध्या जॉइनमध्ये ज्याने एकही पुस्तक नेलं नाही तो सभासद यादीतून गायबच होतो. तोही हवा असेल तर लेफ्ट जॉइन, मग त्याच्यापुढे देवघेवचे कॉलम नल दिसतात. वरचीच क्वेरी लेफ्ट जॉइनने चालवली तर मात्र घोळ होईल, कारण पुस्तक न नेलेलेही 'परत_तारीख इज नल'मध्ये बसतात, म्हणजे ज्यांनी काही नेलंच नाही तेही थकबाकीदार!

अपडेट आणि डिलीटला व्हेअर विसरलात तर सगळं टेबल बदलतं. म्हणून तोच व्हेअर लावून आधी सिलेक्ट चालवा, किती ओळी येतात बघा, मग बिगिन देऊन डिलीट करा, बरोबर वाटलं तर कमिट (बदल पक्का) नाहीतर रोलबॅक (बदल रद्द).