दिवाळं निघाल्यावर पतसंस्थेचं सभासद कसं व्हायचं

धंदा बसला, हप्ते थकले, शेवटी बँकेशी सेटलमेंट करून नाहीतर कोर्टात जाऊन मोकळे झालात आणि आता कोणतीच बँक उभी करून नाही राहिली, तर पतसंस्थेचा रस्ता अजून उघडा आहे. बँकेत सिबिल (कर्जफेडीचा रेकॉर्ड) पाहिला की विषय संपला, पतसंस्थेत अजूनही थोडंफार माणूस पाहतात. फक्त पहिल्याच दिवशी कर्ज मागायला जाऊ नका, सभासद व्हायला जा.

आधी तुमचं नेमकं काय झालं ते बघा, कारण लोक सगळ्यालाच दिवाळं म्हणतात. बँकेशी तडजोड करून कमी पैशात खातं मिटवलं तर ते सेटलमेंट. कोर्टानं नादार जाहीर केलं तर ती दिवाळखोरी, आणि नागपुरात साध्या माणसासाठी ती अजून 1920 च्या प्रांतिक नादारी कायद्याखालीच जिल्हा न्यायालयात चालते (2016 चा नवा कायदा आला खरा, पण त्यातला व्यक्तींचा भाग आतापर्यंत कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांनाच लागू झालाय). फरक कामाचा आहे. बऱ्याच पतसंस्थांच्या उपविधीत (म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या नियमांत) अर्जदार नादार नसावा अशी अट असते, सेटलमेंटवाल्याला ती आडवी येत नाही, नादार ठरलेल्यानं मात्र कोर्टाचा डिस्चार्जचा, म्हणजे नादारीतून मोकळं केल्याचा, आदेश मिळेपर्यंत थांबावं आणि त्याची प्रमाणित नक्कल काढून ठेवावी.

मग कागद जमवा. सेटलमेंटचं पत्र, नो ड्यूज (बाकी नसल्याचा दाखला), पैसे भरल्याच्या पावत्या. क्रेडिट रिपोर्ट सिबिलसारख्या प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो काढा. त्यात 'सेटल्ड' लिहिलं असेल तर ते खरंच आहे, भांडून उपयोग नाही. पण पूर्ण भरलेलं खातं थकीत दाखवत असेल तर तक्रार टाका, 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दिवसाला 100 रुपये भरपाई मिळायचा नियम आहे.

आता संस्था कोणती? नोकरी असेल तर पहिले आपल्या खात्याची पगारदार पतसंस्था पहा, हप्ता पगारातूनच कापला जातो म्हणून तिथं जुन्या सिबिलचं एवढं टेन्शन नसतं. नोकरी नसेल तर घराजवळची, म्हणजे सक्करदऱ्यात राहून धरमपेठेतली धरू नका, ओळखदेख इथं कामी येते. आणि भाऊ, ते तुम्हाला तपासतात तसं तुम्हीही त्यांना तपासा. नोंदणी राज्याच्या सहकार खात्याची आहे की मल्टिस्टेट (एकाहून जास्त राज्यांत चालणारी, केंद्राच्या कायद्याखालची), ऑडिटचा वर्ग चांगला अ आहे की खालचा क, थकबाकी किती, हे सरळ विचारा. बँकेतल्या 5 लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, पतसंस्थेच्या ठेवीला तो नाही! एकदा पोळलेल्या माणसानं उरलेली सगळी जमा एकाच ठिकाणी ठेवू नये, जास्त व्याजाचा बोर्ड दिसला तर बिलकुलच नाही.

अर्ज सोपा आहे. आधार, पॅन, फोटो, लाइट बिल, नॉमिनीचं नाव, प्रवेश फी आणि शेअरची रक्कम, बहुतेक ठिकाणी ओळखीच्या सभासदाची सही. नाममात्र सभासद करून घेतो म्हणाले तर समजून घ्या, त्यात मतही नाही आणि लाभांशही नाही, नियमित सभासदत्वच मागा. फॉर्मवर जुन्या कर्जाबद्दल विचारलं असेल तर लपवू नका, संचालक तुमच्याच मोहल्ल्यातले असतात, त्यांना बहुतेक आधीच माहीत असतं, उलट कागद समोर ठेवले की बोलणं सोपं होतं. अर्जाची पोच घ्या. सहकार कायद्यात कलम 22 आहे, तीन महिन्यांत काहीच कळवलं नाही तर तुम्ही सभासद झालात असं धरतात, आणि नाकारलं तर निबंधकांकडे अपील करता येतं. (मल्टिस्टेटला हा राज्याचा कायदा लागत नाही.) पण माझं मत विचाराल तर जिथं भांडून शिरावं लागतं तिथं पुढे कर्ज कोण देईल, दुसरी संस्था पहा.

आत गेल्यावर डेली (रोजची बचत) किंवा आरडी (दर महिन्याची ठेव) सुरू करा, रक्कम छोटी चालेल पण खंड नको. एजंटनं पासबुकात लिहिलं की नाही ते तिथल्या तिथं पहायचं, उद्या लिहितो म्हटलं तर पैसेही उद्याच. वर्षभर असं चाललं की पहिलं कर्ज ठेवतारण, म्हणजे आपल्याच ठेवीवर, घ्या, त्यात जामीनदार लागत नाही. बिनातारण कर्जाची घाई नकोच, कारण थकलं तर संस्था सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला काढते आणि तो तुमच्यासोबत जामीन राहिलेल्या साळ्याच्या किंवा मित्राच्याही नावानं निघतो.

सिबिल सुधारायचा म्हणून हे सगळं करून राहिले असाल तर अजून एक, बऱ्याच पतसंस्था तिथं माहिती पाठवत नाहीत. आधी विचारून घ्या, नसतील पाठवत तर बँकेत छोटी एफडी करून त्यावरचं क्रेडिट कार्ड घ्या आणि त्यावर किराणा, पेट्रोल एवढंच टाकून दर महिन्याला पूर्ण बिल भरा.