रोलिंग शार्पनरने घरच्या घरी सुरीला धार कशी लावावी

सुरी बोथट झाली की पहिली खबर टोमॅटो देतो. पातं सालीवरून घसरतं, आपण जोर लावतो आणि फोडीऐवजी रस ओट्यावर येतो. कोथिंबिरीचंही तेच. धारदार सुरीने चिरली तर बराच वेळ हिरवीगार राहते, बोथट सुरीखाली चेचली गेली की काळी पडायला लागते. बोट कापतं तेही बरेचदा या जास्तीच्या जोरापायी. म्हणून स्वयंपाकघरात धार ही चैन नाही, गरज आहे असं मला मनापासून वाटतं.

घरी धार लावताना खरी अडचण असते ती कोनाची. निसण्यावर सुरी घासताना मनगट दर वेळी थोडं वर-खाली होतं आणि धार तीक्ष्ण व्हायच्या ऐवजी गोलसर होते. सराव असलेल्या हाताला ते जमतं, आपल्यासारख्यांना महिने लागतात. रोलिंग शार्पनर नेमकं हेच काम आपल्या हातातून काढून घेतो. जर्मनीतल्या होर्ल या बापलेकांच्या कंपनीने हे साधन लोकप्रिय केलं, आता तशाच धर्तीची इतरही बरीच मिळतात. त्यात दोन वस्तू असतात: एक चुंबकाचा ठोकळा आणि एक लाटण्याच्या तुकड्यासारखा जाड रोलर. रोलरच्या एका तोंडाला हिऱ्याच्या कणांची खरखरीत चकती असते, दुसऱ्या तोंडाला गुळगुळीत चकती. रोलर कसाही फिरवा, चकती उभीच राहते. ठोकळ्याच्या दोन बाजू १५ आणि २० अंशांनी कललेल्या असतात आणि सुरी त्यांना चिकटलेली असते. त्यामुळे कोन हलत नाही.

कोणता कोन घ्यायचा? आपल्या रोजच्या स्टेनलेस स्टीलच्या सुरीला २० अंश. पातळ, कठीण पोलादाच्या जपानी धर्तीच्या सुरीला १५. नरम पोलादाला १५ अंशांची धार लावली तर ती सुरेख कापते, पण लवकर दुमडते. दातेरी पाव कापायची सुरी यावर लावू नका. सिरॅमिकची सुरी तर चुंबकाला चिकटणारच नाही.

आधी सुरी धुऊन कोरडी करा. पात्यावर तेलाचा थर असला तर ती ठोकळ्यावरून सरकते. मग सपाट जागा निवडा. ग्रॅनाइटचा ओटा उत्तम, फक्त त्यावर पिठाचे किंवा साखरेचे कण नकोत, कारण रोलर त्यांवर अडखळतो. ठोकळा ठेवून सुरी पाठ खाली, धार वर अशी चिकटवा. धार ठोकळ्याच्या वर थोडी डोकावायला हवी, नाहीतर चकती ठोकळ्यालाच घासेल. अरुंद सुरी असेल तर पातं जरा वर चिकटवा. धार ओट्याला समांतर आहे ना, तेही पाहा.

आता एक छोटं काम करा, त्याने पुढचा सगळा गोंधळ वाचतो. धारेलगतच्या निमुळत्या पट्टीवर मार्करने रेघ ओढा. चार-पाच वेळा रोलर फिरवून पाहा. शाई पूर्ण पुसली गेली तर कोन जुळला. फक्त वरच्या कडेची गेली तर सध्याची धार निवडलेल्या कोनापेक्षा अरुंद आहे, आणि कडेची शाई राहून खालची गेली तर ती रुंद आहे. अशा वेळी पहिल्यांदा थोडं जास्त घासावं लागतं, पण बिघडत काही नाही.

डाव्या हाताने ठोकळा मागून धरा, बोटं धारेच्या खाली ठेवा. उजव्या हाताने हिऱ्याची चकती धारेला टेकवून रोलर मुठीपासून टोकापर्यंत आणि परत असा फिरवा. जोर लावू नका. नवीन चकती पहिल्या दोन-तीन सुऱ्यांना फार खरखरीत वाटते, मग बसते. टोकाकडे पातं वळतं तिथे सावकाश जा, रोलर टोकावरून निसटू देऊ नका. सुरी लांब असेल तर आधी मुठीकडचा भाग करा, मग सुरी सरकवून पुढचा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पहिल्या दिवशी मी एका बाजूला वीस वेळा, दुसऱ्या बाजूला वीस वेळा असं मोजून रोलर फिरवला. टोमॅटो पूर्वीसारखाच दबला. चूक मोजण्यात होती. बाजू बदलायची ती आकड्यावर नाही, ‘बर’ आल्यावर. एका बाजूने घासत राहिलं की धातूची अतिशय बारीक कड पलीकडच्या बाजूला वळते, तिला वर्कशॉपमध्ये बर म्हणतात. ती आली याचा अर्थ आपण धारेच्या अगदी शेवटच्या टोकापर्यंत पोचलो. सुरी सोडवा (ओढून नाही, पाठीवर टेकवून कलती करत) आणि पलीकडच्या बाजूला अंगठा पाठीकडून धारेकडे, बाहेरच्या दिशेने हलकेच ओढा. धारेच्या लांबीवरून बोट कधीही फिरवू नका. किंचित खरवड लागते. बोटाचा भरवसा वाटत नसेल तर वातीचा कापूस तसाच ओढा, बर असेल तिथे तंतू अडकतात. मुठीपासून टोकापर्यंत सलग बर लागली पाहिजे. मध्येच तुटली तर तेवढ्या जागी अजून घासायचं आहे. खूप बोथट सुरीला एका बाजूला पाच मिनिटंही लागतील. कंटाळून बाजू बदलू नका.

मग सुरी उलटून दुसऱ्या बाजूने, बर पुन्हा अलीकडे वळेपर्यंत. त्यानंतर गुळगुळीत चकती घ्या. इथे फक्त बर काढायची आहे, म्हणून आलटून पालटून दोन्ही बाजूंनी आठ-दहा वेळा, दर वेळी हात अधिक हलका.

ट्यूबलाइटखाली धार वर करून बघा. बोथट जागा पांढरी चमकते, तीक्ष्ण धार दिसतच नाही. वर्तमानपत्राचा कागद कापताना सुरी जिथे अडते, तिथे बर राहिली आहे. शेवटी टोमॅटो: सुरी ठेवून नुसती मागे ओढायची, सालीत आपसूक शिरली पाहिजे.

सुरी धुऊन पुसा, कारण पात्यावर लोखंडाची बारीक पूड असते. चकत्या कोरड्या फडक्याने पुसा, पाण्याखाली धरू नका. पुढे दर आठवड्याला गुळगुळीत चकती दोन मिनिटं पुरते, हिऱ्याची पाळी दोन-तीन महिन्यांनी. काच, ग्रॅनाइट किंवा स्टीलच्या ताटात चिरलं तर मात्र ही सगळी मेहनत आठवड्यात वाया जाते. लाकडी पाट वापरा. चिरलेली भाजी पातेल्यात लोटताना सुरी उलटी करून पाठीने लोटा.

विळी या ठोकळ्यावर बसत नाही, तिचं पातं वाकडं आणि पाटाला जखडलेलं. तिच्यासाठी दारावर येणारा धारवालाच बरा. फक्त त्याला चाक सावकाश फिरवायला आणि मधून मधून पाण्यात बुडवायला सांगा. जोरात फिरणाऱ्या कोरड्या चाकावर पातळ कड तापून निळी पडते, पोलादाचं पाणी (म्हणजे कडकपणा) उतरतं, आणि त्या जागी मग धार टिकत नाही.