काठी बांधून घ्यावी की तयार घ्यावी?

मासेमारीची काठी कारागिराकडून बांधून घेतली की ती दुकानातल्या तयार काठीपेक्षा मजबूत असते, हा समज आधी डोक्यातून काढून टाका. काठीचा जीव असतो ब्लँकमध्ये, म्हणजे त्या निमुळत्या पोकळ नळीत, आणि ती नळी दोन्ही काठ्यांत कारखान्यातूनच येते. रेझिन लावलेलं कार्बनचं किंवा काचतंतूचं कापड निमुळत्या पोलादी सळईवर गुंडाळायचं, वरून पट्टी आवळायची, भट्टीत भाजायचं आणि सळई ओढून काढायची. कारागीर ही नळी विकत घेतो आणि तिच्यावर मूठ, रीळ बसायची सीट आणि दोर जाणाऱ्या कड्या बसवतो. जास्तीचे पैसे जातात ते या बसवण्याला. शिंप्याकडे कपडा टाकण्यासारखंच हे: कापड बाजारातलं, माप तुमचं.

मग प्रश्न एवढाच उरतो, की तुमचं माप तयार काठीत बसतंय की नाही. बसत नसेल तर ते आकड्यात सांगता आलं पाहिजे. ‘काठी हातात बरी वाटत नाही’ एवढ्यावर कारागिराकडे गेलात, तर तो त्याला बऱ्या वाटणाऱ्या मापाची काठी बांधून देईल आणि त्यात त्याची चूक नसेल.

आधी हातातली काठी मोजा

स्वयंपाकघरातला वजनकाटा, शिवणाची टेप आणि कापसाचा बोळा, एवढं सामान पुरतं.

पहिलं वजन फेकीचं. नाशिकजवळच्या गंगापूर किंवा दारणा धरणाच्या पाण्यात रोहू-कटल्यासाठी स्प्रिंग फीडरवर, म्हणजे आमिष धरणाऱ्या तारेच्या गुंडाळीवर, पीठ-पेंडीचा गोळा लावता ना, तो भिजवलेला गोळा शिसं, गळ सगळ्यासकट काट्यावर ठेवा. ‘40 ग्रॅमचा फीडर’ म्हणत म्हणत बरीच मंडळी 90 ग्रॅम फेकत असतात, कारण 50 ग्रॅम नुसता गोळाच भरतो. काठीवर 20-60 ग्रॅम छापलंय आणि फेक जवळ पडतेय, तर काठी बिचारी काय करणार? तिला ओझं झेपत नाही, म्हणून ती उसळीच घेत नाही. इथे 100 ग्रॅमपर्यंतची तयार काठी घेतली की काम भागतं. कार्पच्या, म्हणजे रोहू-कटल्यासारख्या माशांच्या, काठ्यांवर ग्रॅमऐवजी पौंडात टेस्ट कर्व्ह लिहिलेला असतो. टोक मुठीशी काटकोनात यायला जेवढं वजन लागतं, तो हा आकडा. ढोबळ हिशेब असा, की जितके पौंड तितके औंस ती आरामात फेकते. 3 पौंडांची काठी साधारण 85 ग्रॅम. गोळ्याचं वजन यातच धरायचं.

दुसरा तोल. रीळ लावा, दोर ओवा आणि काठी एका बोटावर तोला. रिळाच्या पायाजवळ किंवा पुढच्या मुठीवर तोल आला तर ठीक. त्याच्या वीतभर पुढे गेला तर काठी नाकावर जड आहे. फीडर टाकून काठी स्टँडवर ठेवणाऱ्याला याने काही फरक पडत नाही. पण मरळीसाठी दिवसभर नकली बेडकाचं आमिष फेकणाऱ्याचं मनगट दुपारपर्यंत भरून येतं. तरी लगेच नवी काठी नको. बुडाला चिकटपट्टीने थोडी नाणी बांधा आणि तासभर फेकून बघा. मनगटाला आराम वाटला तर तेवढ्याच वजनाचं बूच बुडाला बसवून घ्या. सातपूर-अंबडच्या एखाद्या लेथवर ॲल्युमिनियमचं किंवा पितळेचं असं बूच कातून मिळणं अवघड नाही.

तिसरं मुठीचं माप. रिळाच्या पायाच्या मध्यापासून बुडापर्यंत टेप लावा. एका हाताने फेकायच्या हलक्या काठीचं बूड कोपराच्या आसपास संपावं. त्याहून फार लांब असेल तर ते फेकताना बरगडीत अडकतं, जॅकेट घातलं की जास्तच. दोन हातांनी फेकायच्या काठीला मात्र लांब बूड लागतं, कारण खालचा हात आत ओढला की टोक जोरात सुटतं. तयार काठी ज्याला खरोखर जमत नाही, अशांच्या बहुतेक तक्रारी या एका मापातून निघतात. फार उंच, फार बुटके, खांदा किंवा मनगट दुखावलेले लोक यात येतात.

चौथी वाकवून पाहणी. दोर सगळ्या कड्यांतून ओवून खिडकीच्या गजाला बांधा, घरातल्या कुणाला तरी काठी धरायला सांगा आणि तुम्ही बाजूने बघा. मूठ आणि दोर यांच्यात काटकोन होईपर्यंतच वाकवायचं, त्यापुढे नाही. दोर वाकाच्या मागोमाग जात असेल तर कड्यांची जागा बरोबर आहे. कुठे दोन कड्यांमध्ये दोर सरळ ताणून वाकापासून लांब पडला, किंवा बेटकास्टरच्या, म्हणजे काठीच्या वर बसणाऱ्या रिळाच्या, काठीवर दोर नळीला घासायला लागला, तर तिथे एक कडी कमी आहे. काठी जितके फूट तितक्या कड्या किंवा एखादी जास्त, असा अंदाज धरतात. स्वस्त काठ्यांत नेमकी इथेच काटकसर झालेली असते.

शेवटी कापूस. प्रत्येक कडीच्या आतून बोळा फिरवा. कुठे तंतू अडकला तर आतल्या सिरॅमिकच्या रिंगला चीर आहे. डोळ्याला न दिसणारी ही चीर वेणीच्या दोराला, म्हणजे ब्रेडला, करवतीसारखी कापते आणि मग ‘दोरच बेकार निघाला’ म्हणून दुकानदाराला बोल लावला जातो.

पैसे कधी वसूल होतात, कधी वाया जातात

ही मोजणी झाली की बऱ्याच लोकांना बांधलेली काठी लागतच नाही. कडी बदला, बूच लावा, योग्य वजनाची तयार काठी घ्या.

बांधून घेण्यासारखी परिस्थिती म्हणजे मुठीचं माप खरंच बसत नाही आणि महिन्यातून दोन-तीनदा तरी पाण्यावर जाणं होतं. किंवा एकच एक मासा आणि एकच पद्धत पक्की ठरलेली आहे, जसं गवता-पाणवनस्पतीतली मरळ: साडेसहा-सात फूट, टोक चपळ, बूड कडक, 40-50 पौंडांचा ब्रेड. मासा लागला की त्याला पाल्यात शिरायच्या आत बाहेर खेचायचंय, तेव्हा तिथे मऊ काठी चालत नाही. किंवा तुमच्याकडे आवडता जुना ब्लँक आहे आणि बाकी सगळं झिजलंय.

डावखुरे असणं हे मात्र कारण नाही. स्पिनिंग रिळाचा, म्हणजे काठीखाली लटकणाऱ्या रिळाचा, दांडा दोन्ही बाजूंना लागतो, बेटकास्टर डाव्या हाताचाही मिळतो आणि काठीला डावं-उजवं नसतं. मोटरसायकलवर नेता येत नाही, हेही नाही. तीन-चार तुकड्यांच्या प्रवासी काठ्या तयार मिळतात. आणि ज्याला अजून कुठला मासा, कुठलं पाणी हेच ठरवायचंय, त्याने तर मुळीच बांधून घेऊ नये. ऑक्टोबरात धरण तुडुंब असतं, पाणी काठच्या गवतापर्यंत येतं आणि मासे पायाशी लागतात. मे महिन्यात तेच पाणी मागे सरून मध्ये चिखलाचा पट्टा उघडा पडतो आणि फेक लांब लागते. दोन्ही ऋतू एका वर्षात अनुभवले नसतील तर लांबी कशाच्या आधारावर ठरवणार?

पैशाचा हिशेब साधा ठेवा. समजा, तयार काठी 3,000 ची आणि बांधलेली 12,000 ची. फरक 9,000. वर्षाला 15 फेऱ्या धरल्या तर तीन वर्षांत 45, म्हणजे फेरीमागे 200 रुपये जास्त. एवढ्याने मनगट वाचत असेल तर महाग नाही. वर्षाला चारच फेऱ्या होत असतील तर हाच आकडा 750 वर जातो. विकायची वेळ आली तर मात्र कमी भावावर समाधान मानावं लागतं, कारण तुमच्या कोपराच्या मापाची आणि वर तुमचं नाव लिहिलेली काठी दुसरा कशाला घेईल? नाव न घालता बांधून घेतली तर थोडं बरं. बाकी हौसेला मोल नसतं, आणि ज्याला रंगीत धाग्याची नक्षीच हवी आहे त्याने खुशाल घ्यावी. मासा त्याने जास्त लागत नाही एवढंच.

ऑर्डर देताना

सगळं लिहून द्या: लांबी, तुकडे, गोळ्यासकट फेकीचं वजन, दोराची जाडी, रिळाचा आकार, मुठीचं माप सेंटिमीटरमध्ये. सीटचा आकडा साधारण 16, 17, 18 असा असतो. लहान तळहाताला 16 बरी. रीळ कारागिराकडे नेऊनच द्या, कारण पहिली मोठी कडी किती अंतरावर आणि किती उंच हवी हे रिळाच्या चकतीवर ठरतं.

‘जास्त मॉड्युलसचा’, म्हणजे जास्त ताठ, ‘कार्बन’ ऐकून हुरळू नका; टनाचा आकडा हा या ताठपणाचा. 40 टनी कार्बन हलका आणि कडक असतो, पण ठोका लागला की तडकतो. शिसं नळीवर आपटणं, गाडीचं दार लागणं, दगडी पिचिंगवर काठी घसरणं, या गोष्टी आपल्याकडे नित्याच्या. तळाच्या मासेमारीला 24-30 टनी किंवा काचतंतू मिसळलेली नळी पुष्कळ होते. मुठीसाठी पिठाच्या हातांना ईव्हीए फोम सोयीचा. कॉर्क हाताला सुरेख लागतो, पण पेंडीचं तेल पितो आणि स्वस्त कॉर्कच्या भोकांत भरलेली पुटी वर्षभरात गळून पडते.

एक अट आधीच घाला. कड्या धाग्याने पक्क्या बांधण्याआधी, नुसत्या चिकटपट्टीने लावलेल्या अवस्थेत, काठी वाकवून दाखवावी किंवा निदान फोटो पाठवावा. जागा चुकली असेल तर या टप्प्यावर कडी सरकवायला मिनिट लागतं. धाग्यावरचा इपॉक्सीचा लेप घट्ट बसल्यावर धागा कापून सगळं पुन्हा करावं लागतं. नळी तुटली तर भरपाई कोणाची, नळीच्या कंपनीची की कारागिराची, हेही कागदावर घ्या. नळीची हमी बहुतेक वेळा मजुरी धरत नाही.

घाई करू नका, विशेषतः दोन काळांत. कड्यांच्या धाग्यावरचं इपॉक्सी दोन भाग समप्रमाणात मिसळून लावतात आणि घट्ट होईपर्यंत काठी मोटरवर हळूहळू फिरत ठेवतात, नाहीतर ते खाली ओघळून थेंब धरतं. पावसाळी दमट हवेत त्यावर चिकट, धुरकट थर येऊ शकतो. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा 10 अंशांखाली जातो, तेव्हा ते दाट होतं, बुडबुडे आत अडकतात आणि वाळायला फार वेळ घेतं. घरी स्वतः करणाऱ्यांनी बाटल्या आधी कोमट पाण्यात ठेवाव्यात आणि दोन भागांसाठी दोन वेगळ्या सिरिंज वापराव्यात. प्रमाण थोडं जरी चुकलं तरी ते महिनाभर चिकटच राहतं. एका दिवसात हात लावता येतो, पण काठीवर जोर द्यायला आठवडाभर थांबलेलं बरं.

ताब्यात घेताना

उजेडात धरा आणि कडीच्या पायाकडे जवळून बघा. पायाचं टोक घासून पातळ केलेलं असेल तर धागा नळीवरून पायावर सलग चढतो. केलेलं नसेल तर तिथे पायरी दिसते आणि पायरीच्या पुढे धाग्यात बारीकशी पोकळी राहते. या पोकळीतून पाणी शिरतं, आणि वाकताना पायाचं धारदार टोक नळी कोरत राहतं. काठी वर्षभराने बरोबर तिथेच मोडते आणि दोष मोठ्या माशावर जातो. धाग्याच्या कडेला नखाने ओढून बघा, इपॉक्सी धाग्याच्या किंचित पुढे नळीवर गेलेलं हवं.

मग बुडाकडून एक डोळा मिटून कड्या एका रेषेत आहेत का पाहा. जोड असेल तर तो पिळून बसवा. नर तुकडा पूर्ण आत जाऊन टेकायला नको, थोडी फट राहिली पाहिजे, म्हणजे झीज झाल्यावरही जोड आवळता येतो. सीट हाताने पिळून बघा. कट् असा आवाज आला तर आत गोंद कमी आहे आणि ते तिथल्या तिथे परत द्यायचं काम आहे.

पहिली फेक अर्ध्या वजनाने करा आणि मग वाढवत न्या. धरणावर जाण्याआधी तिथला ठेका कुठल्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे आहे ते विचारून परवानगी घ्या. नांदूरमधमेश्वर अभयारण्य आहे, तिथे काठी काढूच नका. आणि कार्बन वीज वाहून नेतो, हे काठाला पोचल्यावर वर बघून आठवा. शेतातल्या पंपांच्या तारा पाण्याच्या कडेपर्यंत गेलेल्या असतात, आणि वळवाचा पहिला गडगडाट ऐकला की 12 फुटांची काठी जमिनीवर आडवी ठेवून तिच्यापासून लांब जायचं, मग ती तयार असो वा बांधलेली.